कोलंबो बंदराचा मालक कोण, चालक कोण आणि पंच कोण?

मागच्या अंकात श्रीलंकेच्या बंदरांवर एक छोटं टिपण दिलं होतं. त्यात म्हणणं एवढंच होतं की कोलंबोत चीन किती आला आणि भारत किती आला याच्या चर्चेत श्रीलंका पोर्ट्स ऑथॉरिटी नावाच्या सरकारी संस्थेचा मूळ प्रश्न, म्हणजे बंदराची मालक, चालक आणि पंच तीच असण्याचा, मागे पडतो. त्यावर भरपूर प्रश्न आलेत, जमतील तेवढे इथे घेतोय, बाकीचे पुढच्या वेळी.

प्रश्न (चिपळूण) : श्रीलंकेचं जुनं बंदर तर गॉल होतं ना? मग कोलंबो एवढं मोठं कसं झालं?

बरोबर, एकोणिसाव्या शतकात बराच काळ आगबोटी गॉललाच थांबायच्या, कोळसा तिथे भरायच्या, टपाल तिथे उतरायचं. कोलंबोला पोर्तुगीज होते, डच होते, १७९६ ला इंग्रज आले, पण बंदर म्हणावं असं तिथे काही नव्हतं, उघडा समुद्र होता. मे ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी वारा सुरू झाला की जहाजं नांगरावर नुसती हेलकावे खात उभी आणि माल पडावांतून किनाऱ्यावर न्यायचा. कोकणातल्या माणसाला पावसाळ्यातला समुद्र काय असतो ते वेगळं सांगायला नको.

पण १८६७ ला कोलंबो-कँडी रेल्वे सुरू झाली आणि डोंगरातली कॉफी सरळ कोलंबोला उतरायला लागली, १८६९ ला सुएझ कालवा उघडला आणि पूर्वेकडे जाणाऱ्या आगबोटी वाढल्या, त्यात गॉलच्या बंदरात खडक, जागा अपुरी. तेव्हाचा गव्हर्नर विल्यम ग्रेगरी कोलंबोच्या बाजूने उभा राहिला, सर जॉन कूड या इंजिनिअरने आराखडा केला, डिसेंबर १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते नैऋत्येकडच्या ब्रेकवॉटरची, म्हणजे लाटा अडवणाऱ्या भिंतीची, पायाभरणी झाली आणि १८८५ ला तो पूर्ण झाला. मधल्या काळात कॉफीवर तांबेरा पडून मळेच्या मळे गेले आणि त्यांची जागा चहाने घेतली, पण बंदर थांबलं नाही, ज्या कॉफीसाठी बांधायला घेतलं ती संपली तरी चहाने ते भरलं. पुढे उरलेले ब्रेकवॉटर झाले आणि १९१३ ला कोलंबो पोर्ट कमिशन आलं. बंदराच्या कारभारासाठी स्वतंत्र यंत्रणा म्हणतात ती इथून सुरू होते, पण हे कमिशन म्हणजे सरकारी खातंच, ते धक्के सांभाळायचं, गाळ काढायचं, जहाज आत-बाहेर नेणारा वाटाड्या म्हणजे पायलट द्यायचं. जहाजावरून माल उतरवायचं खरं काम मात्र खाजगी कंपन्यांकडे होतं आणि पुढचं सगळं भांडण तिथेच आहे.

प्रश्न (उरण) : मी गोदीत काम करून निवृत्त झालो. आमच्याकडे प्रत्येक सुधारणा कामगाराच्या मुळावर आली. कोलंबोतही तसंच झालं का? तिथल्या युनियन इतक्या जोरात कशा?

काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर थोडं लांबीने देतो कारण या विषयाचा गाभाच हा आहे असं मला वाटतं.

कोलंबोचा गोदी कामगार पहिल्यापासून लढणारा. १९२७ ला ए. ई. गुणसिंघे यांच्या पुढारपणाखाली बंदरात मोठा संप झाला, श्रीलंकेच्या कामगार चळवळीच्या इतिहासात तो आजही मानाने सांगतात. तेव्हा माल चढवणं-उतरवणं खाजगी स्टीव्हडोरिंग आणि लँडिंग कंपन्यांकडे, जहाज आलं की माणसं बोलवायची, जहाज गेलं की माणसं घरी. उद्या काम मिळेल का याची खात्री नाही, ही अवस्था मुंबईच्या गोदीतल्या जुन्या लोकांनाही माहीत आहे. मग स्वातंत्र्यानंतर बंडारनायके यांच्या सरकारने १९५८ ला या कंपन्यांचं काम ताब्यात घेऊन पोर्ट कार्गो कॉर्पोरेशन काढलं. कामगाराच्या नजरेने बघितलं तर ती मोठी गोष्ट होती, पगार, कायम नोकरी, सगळंच आलं. त्यामुळे तिथला कामगार आजही राष्ट्रीयीकरणाला आपल्या घामाची कमाई मानतो, आणि त्यात चुकीचं काही नाही.

गडबड झाली ती वेगळ्याच ठिकाणी. कमिशन तसंच राहिलं, त्याच्या शेजारी कॉर्पोरेशन आलं आणि १९६७ ला तिसरी संस्था आली, पोर्ट टॅली अँड प्रोटेक्टिव्ह सर्व्हिसेस कॉर्पोरेशन, म्हणजे मालाची मोजदाद आणि राखण यासाठी वेगळं महामंडळ. आता बघा, धक्का एकाचा, माल उचलणारे हात दुसऱ्याचे, मोजणारा टॅली क्लार्क तिसऱ्याचा, आणि एक पेटी कमी भरली तर जबाबदार कोण? गोदीत काम केलेल्याला याचं उत्तर माहीत आहे, कुणीच नाही. १९७९ ला ५१ नंबरचा कायदा झाला आणि १ ऑगस्ट १९७९ पासून तिन्ही संस्था एकत्र करून श्रीलंका पोर्ट्स ऑथॉरिटी उभी राहिली. तेव्हा व्यापार आणि जहाज खात्याचे मंत्री होते ललित अतुलतमुदली, आणि कोलंबोला कंटेनरचं बंदर करायचं ही दिशा त्यांच्याच काळात ठरली. जपानच्या कर्जातून जया कंटेनर टर्मिनल झालं, पहिला भाग १९८५ ला, दुसरा १९८७ ला. आपलं न्हावा-शेवा सुरू झालं १९८९ ला, म्हणजे कंटेनरच्या बाबतीत ते आपल्या पुढे होते आणि त्यांनी ते सरकारी संस्थेकडूनच करून दाखवलं, हे विसरू नका.

कामगाराच्या मुळावर आलं का, तर काही प्रमाणात हो. कंटेनर आला की हमालाची गरज कमी होते, हे जगात सगळीकडे झालं. पण कोलंबोत ऑथॉरिटी स्वतः टर्मिनल चालवत राहिली म्हणून हजारो लोकांची नोकरी टिकली आणि युनियनही टिकल्या. २०१९ ला श्रीलंका, जपान आणि भारत यांच्यात ईस्ट कंटेनर टर्मिनलचा करार झाला होता, पण युनियननी तो होऊ दिला नाही, जानेवारी २०२१ मध्ये आंदोलन इतकं पेटलं की १ फेब्रुवारीला सरकारने माघार घेतली आणि ते टर्मिनल पूर्ण ऑथॉरिटीकडेच ठेवलं. आपल्याकडच्या बातम्यांत हे भारताला धक्का म्हणून आलं. तिथल्या कामगाराला मात्र एवढंच दिसत होतं की खोल पाण्याचं आपलं स्वतःचं टर्मिनल गेलं तर मोठी जहाजं फक्त खाजगीवाल्यांकडे जाणार आणि जया टर्मिनलच्या उथळ बर्थवर आपण हात चोळत बसणार. या मुद्द्यावर ते बरोबर होते असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न (नवी मुंबई) : मी फ्रेट फॉरवर्डिंगमध्ये आहे. जेएनपीए आता पूर्ण लँडलॉर्ड पोर्ट झालं. कोलंबोचं मॉडेल नेमकं कोणतं?

सगळी एकत्र, हीच तर अडचण.

सोप्या भाषेत, लँडलॉर्ड बंदर म्हणजे जमीन, समुद्रातला चॅनेल, ब्रेकवॉटर सरकारी संस्थेचं आणि टर्मिनल चालवणारे वेगळे, ते भाडं आणि रॉयल्टी देतात. जेएनपीटीत (आपलं न्हावा-शेवा, आता जेएनपीए) १९९९ ला पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीची एनएसआयसीटी आली, भारतातलं पहिलं खाजगी कंटेनर टर्मिनल, आणि योगायोग असा की त्याच वर्षी त्याच पी अँड ओ ने श्रीलंकेची जॉन कील्स वगैरे भागीदार घेऊन कोलंबोत साऊथ एशिया गेटवे टर्मिनल्स, म्हणजे सॅगट, ३० वर्षांच्या बीओटीवर (बांधा, चालवा आणि मुदतीनंतर परत द्या) घेतलं. तिथला धक्का म्हणजे राणी एलिझाबेथच्या १९५४ च्या भेटीवरून नाव पडलेला क्वीन एलिझाबेथ की. दोन्ही बंदरांनी एकाच वर्षी एकच पाऊल टाकलं पण पुढे रस्ते वेगळे झाले. जेएनपीटीने २०२२ ला स्वतःचं शेवटचं टर्मिनलही खाजगी कंपनीला देऊन टाकलं. कोलंबोने तसं केलं नाही.

आज परिस्थिती अशी आहे की ऑथॉरिटी बंदराची मालक आहे. जया आणि ईस्ट टर्मिनल ती स्वतः चालवते. सॅगटमध्ये तिचे १५ टक्के, चायना मर्चंट्स या चिनी सरकारी कंपनीच्या सीआयसीटी टर्मिनलमध्ये १५ टक्के, अदानी आणि जॉन कील्सच्या नव्या वेस्ट टर्मिनलमध्ये १५ टक्के. म्हणजे या सगळ्यांची ती घरमालक, भागीदार आणि स्पर्धक पण, आणि पायलट कुणाला आधी द्यायचा, बंदरात शिस्त कशी ठेवायची हे बघणारीही तीच. क्रिकेटमध्ये पंचानेच पॅड बांधून बॅटिंगला यावं आणि समोरच्या टीममध्येही त्याचा हिस्सा असावा, असं आहे हे. आता कुणी वाईट वागतंय असं मी म्हणत नाहीये, उलट टर्मिनलच्या स्पर्धेमुळे कोलंबोचं काम खूप सुधारलं, २०१८ ला त्यांनी वर्षाला ७० लाख टीईयूचा (एक टीईयू म्हणजे वीस फुटी एक कंटेनर) टप्पा ओलांडला. पण वाद झाला तर न्यायनिवाडा कुणाकडे मागायचा हा प्रश्न राहतोच ना.

सिंगापूरही बेटच, तिथे पीएसए १९६४ पासून सगळं एकटी करत होती, बंदर चालवणं पण आणि नियम करणं पण. १९९६ ला त्यांनी मेरिटाइम अँड पोर्ट ऑथॉरिटी वेगळी काढली, नियम-सुरक्षा-पायलटचं लायसन्स तिच्याकडे गेलं आणि दुसऱ्या वर्षी पीएसएची कंपनी झाली, तिने फक्त धंदा करायचा. कंपनी सरकारच्याच मालकीची राहिली. हे मी मुद्दाम सांगतोय कारण कोलंबोत कुणी "कामं वेगळी करा" म्हटलं की "विकायला काढलं" असा गजर होतो, आणि उलट बाजूला काही लोक सुधारणा म्हणजे विक्रीच समजून बसलेत. टर्मिनल सरकारी ठेवूनही पंच वेगळा नेमता येतो. १९७९ ला तीन संस्था एकत्र केल्या ते त्या वेळी योग्यच होतं, कारण तेव्हा बंदरात खाजगी टर्मिनल एकही नव्हतं. १९९९ ला सॅगट आलं त्याच दिवशी कायदा बदलायला हवा होता, तो तसाच राहिला.

प्रश्न (पुणे) : यूपीएससीची तयारी करतेय. क्लासमध्ये सांगतात की श्रीलंकेला कर्ज फेडता आलं नाही म्हणून चीनने हंबनटोटा बंदर काढून घेतलं. मेन्सला असंच लिहू का?

नको, असं लिहू नका, घटनाक्रम तसा नाहीये.

हंबनटोटाची कल्पना चिनी नव्हतीच. दक्षिणेकडच्या मागास भागात बंदर करावं हा विचार जुना, २००३ ला कॅनडाच्या आणि २००६ ला डेन्मार्कच्या सल्लागार कंपनीने अभ्यास केले होते. तेव्हा महिंदा राजपक्षे राष्ट्राध्यक्ष, त्यांचा स्वतःचा जिल्हा, चीनच्या एक्झिम बँकेने पहिल्या टप्प्याला ३० कोटी डॉलरच्या वर कर्ज दिलं आणि नोव्हेंबर २०१० ला उद्घाटन झालं. जागा चांगली आहे यात शंका नाही, पूर्व-पश्चिम जहाजमार्ग तिथून अगदी जवळून जातो. पण जवळून जहाज जाणं वेगळं आणि तिथे थांबणं वेगळं, थांबायला माल लागतो, आणि माल होता कोलंबोत. शेवटी २०१२ ला सरकारने गाड्या वाहून नेणारी जहाजं कोलंबोऐवजी हंबनटोटाला वळवली, म्हणजे आपल्याच एका बंदराचं काम काढून आपल्याच दुसऱ्याला दिलं. दोन्ही बंदरं एकाच ऑथॉरिटीकडे, त्यामुळे कोलंबोच्या कमाईतून हंबनटोटाचा बोजा ओढला जात होता आणि असल्या निर्णयाला "नाही" म्हणू शकेल अशी स्वतंत्र यंत्रणा कुठेच नव्हती. मला या प्रकरणातला खरा धडा हा वाटतो, आणि क्लासमध्ये तो कुणी शिकवत नाही.

२०१७ ला सिरिसेना-विक्रमसिंघे सरकारने चायना मर्चंट्सबरोबर ९९ वर्षांचा करार केला, किंमत १.१२ अब्ज डॉलर. हे पैसे त्या बंदराच्या कर्जात वळते झाले नाहीत, ते परकीय चलनाच्या गंगाजळीत गेले आणि एक्झिम बँकेचं कर्ज तसंच राहून सरकारी तिजोरीवर आलं. त्या काळात डॉलरची चणचण होती ती मुख्यतः आंतरराष्ट्रीय बाजारातून उचललेल्या बाँडमुळे, चिनी कर्ज हा एकूण भारातला एक भाग. एप्रिल २०२२ ला देशाने परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले त्यातही या बाँडचा वाटा मोठा होता. करारात दोन कंपन्या आहेत, एक टर्मिनल चालवणारी, तिच्यात चायना मर्चंट्सचे ८५ टक्के, दुसरी बंदराच्या सामायिक सेवा बघणारी, तिच्यात श्रीलंकेचा वाटा जास्त. बंदराची सुरक्षा श्रीलंकेच्या नौदलाकडे.

याचा अर्थ चीनबद्दल काळजीच नको असं नाही. ९९ वर्षं म्हणजे चार पिढ्या, आणि एवढा मोठा करार लोकांसमोर पुरेशी चर्चा न होता झाला, जमिनीवरून जानेवारी २०१७ ला हंबनटोटात लोक रस्त्यावर आले, त्याआधी डिसेंबरमध्ये तिथल्या कामगारांनी नोकऱ्यांच्या काळजीने काम बंद पाडलं. त्याबद्दल जरूर लिहा. फक्त "कर्जाच्या बदल्यात जप्त केलं" हे वाक्य काढा.

प्रश्न (रत्नागिरी) : एक्स-प्रेस पर्ल जहाज जळालं तेव्हा बंदराने आधीच का थांबवलं नाही? आपल्याकडे असं झालं तर?

हे प्रकरण आठवलं की अजूनही वाईट वाटतं. हे कंटेनरचं जहाज कतारच्या हमाद बंदरातून गुजरातच्या हजिराला आलं आणि मग कोलंबोला गेलं. नायट्रिक ॲसिडचा एक कंटेनर गळतोय हे वाटेतच कळलं होतं, तो उतरवून घ्या अशी विनंती हमाद आणि हजिरा दोन्हीकडे झाली, दोन्हीकडून नकार आला. १९ मे २०२१ ला ते कोलंबोबाहेर नांगरावर आलं, दुसऱ्या दिवशी आग दिसली, २५ मेला स्फोट झाला, २ जूनला ओढून खोल समुद्रात नेताना बुडालं. प्लास्टिकचे बारीक मणी टनांनी किनाऱ्यावर आले, मासेमारी बंद, कासवं मेलेली. जुलै २०२५ ला श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मालक आणि संबंधितांना १ अब्ज डॉलर भरपाई द्यायला सांगितलं.

धोक्यातलं जहाज आलं तर आत घ्यायचं, बाहेर ठेवायचं की लांब न्यायचं हा निर्णय काही तासांत घ्यावा लागतो, आणि तिथे हार्बर मास्टर ऑथॉरिटीचा, व्यापारी जहाजांचं खातं वेगळं, सागरी पर्यावरणाची संस्था वेगळी, नौदल वेगळं. आणि हजिराने नाही म्हटलं यावर आपल्याकडे जवळजवळ कुणी बोललंच नाही. गळका कंटेनर नको म्हणणं बंदराला सोपं जातं कारण नकाराची जबाबदारी कुणी विचारत नाही, ती विचारली गेली पाहिजे. कोकणच्या किनाऱ्यावर तर पाठोपाठ बंदरं आणि मच्छीमार गावं आहेत.

प्रश्न (लासलगाव) : आमचा कांदा कोलंबोला जातो. कंटेनर तिकडे अडकला तर दाद पोर्ट ऑथॉरिटीकडे मागायची का?

बहुतेक वेळा नाही. आधी अरायव्हल नोटिसवर टर्मिनल कोणतं आहे ते बघा, जया असेल तर ऑथॉरिटी, सॅगट किंवा सीआयसीटी असेल तर त्या कंपन्या, आणि डिटेन्शनचा, म्हणजे कंटेनर उशिरा परत केल्याच्या आकाराचा, हिशोब शिपिंग लाइनशी. पण खरी अडवणूक बऱ्याचदा कस्टम तपासणीत होते, जानेवारी २०२५ ला तिथे इतके कंटेनर साचले की प्रत्यक्ष तपासणी न करता ३२३ सोडून दिले आणि त्यावरून मोठं राजकारण झालं. शिवाय कांद्यावरचा विशेष वस्तू कर त्यांचं सरकार आयत्या वेळी बदलतं, जहाज समुद्रात असताना पण. त्यामुळे सौदा करताना कराचा फरक कुणी सोसायचा हे आयातदाराकडून लेखी घ्या.

प्रश्न (डहाणू) : विळिंजम सुरू झालं, वाढवण होतंय. मग कोलंबोचा धंदा संपणार का? आणि आमच्या किनाऱ्याची किंमत त्यासाठीच का?

दोन वेगळे प्रश्न आहेत. कोलंबोचा मोठा धंदा ट्रान्सशिपमेंटचा, म्हणजे फीडरने (छोट्या जहाजाने) आलेला कंटेनर उतरवून मोठ्या जहाजावर चढवायचा. भारताचा जो माल असा परदेशी बंदरात हाताळला जातो त्यातला बहुतेक कोलंबो, सिंगापूर आणि मलेशियातलं पोर्ट क्लांग या तिघांत जातो. २०१८ ला आपल्या सरकारने परदेशी जहाजांना भारतीय बंदरांमध्ये असे कंटेनर ने-आण करायची सवलत दिली ती हा माल घरी आणण्यासाठीच. केरळातलं विळिंजम सरळ त्याच धंद्यात आहे, खोल पाणी आहे, मे २०२५ ला अधिकृत उद्घाटन झालं, आणि ते चालवणारा अदानी समूहच कोलंबोच्या वेस्ट टर्मिनलमध्ये ५१ टक्क्यांचा मालक, तेही एप्रिल २०२५ ला सुरू झालं. तेव्हा कंपनी दोन्हीकडे कमावणार, पण श्रीलंकेला स्वतःला भाव करायची ताकद टिकवावी लागेल. लगेच संपणार नाही हे नक्की, कारण शिपिंग लाइन वेळापत्रकाला चिकटून असतात, कोलंबोत एका ठिकाणी बऱ्याच फीडर मिळतात, आणि २०२४ ला लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालायला लागली तेव्हा कोलंबोत उलट गर्दी झाली होती.

वाढवणचं तसं नाही. ७६,२२० कोटींचा तो प्रकल्प मुख्यतः देशात येणाऱ्या-जाणाऱ्या मालासाठी आहे, कोलंबोच्या ट्रान्सशिपमेंटसाठी नाही, त्यामुळे "कोलंबोवर मात" असं कुणी तुम्हाला सांगून तुमचा किनारा मागत असेल तर तो मुद्दा धरून ठेवा. त्या कंपनीत जेएनपीए ७४ टक्के आणि महाराष्ट्र मेरिटाइम बोर्ड २६ टक्के आहे. मासेमारीचं क्षेत्र किती जाणार, भरपाई कुणी आणि कधी द्यायची, आणि ती दिली नाही तर तक्रार ऐकणारा या दोन भागीदारांच्या बाहेरचा माणूस कोण, हे तिन्ही जनसुनावणीच्या कागदात शोधा, नसेल तर लेखी मागा.